तिऱ्हाईत कोण?

न्यायालयात जिंकलेल्या माणसांची देशात केवढी मोठी रांग उभी आहे, याचा आकडा ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर आला. हुकूमनामा झाला आहे, पण अंमलबजावणी झालेली नाही, अशा ८ लाख ८२ हजारांहून अधिक दरखास्ती देशभरच्या दिवाणी न्यायालयांत पडून आहेत. त्यातल्या सर्वाधिक, ३ लाख ४१ हजारांच्या घरातल्या, एकट्या मुंबई उच्च न्यायालयाच्या अखत्यारीतल्या आहेत. या अखत्यारीत गोवाही येतो हे खरे, पण मुख्य भार आपल्याच राज्याचा. पुरोगामी म्हणवणारा महाराष्ट्र इथेही पहिला आला! दरखास्त सहा महिन्यांत निकाली काढा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्येच सांगितले होते. मार्च २०२५ मध्ये तेच पुन्हा बजावले. आणि सात महिन्यांनी हा आकडा समोर आला.

हे दुखणे नवे नाही. हिंदुस्थानात पक्षकाराच्या खऱ्या अडचणी हुकूमनामा हाती पडल्यावर सुरू होतात, असे लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने १८७२ साली म्हटले होते. तेव्हा प्रकरण होते दरभंग्याच्या राजाचे. राजाला अडचण आली तर ती लंडनपर्यंत पोहोचते. आपल्या वस्तीतल्या बाईला आली तर ती बेलीफाच्या टेबलापर्यंतही पोहोचत नाही. म्हणून या आकड्याकडे आपण आपल्या डोळ्यांनी पाहिले पाहिजे.

आमच्या ओळखीच्या एक ताई आहेत. नाव लिहीत नाही, त्यांना अजून त्याच शहरात काम करायचे आहे. एका महापालिकेच्या हद्दीत त्या ठेकेदाराकडे रस्ते झाडत होत्या. पहाटे पाचला हजेरी, हातात मोजे नाहीत, आणि किमान वेतनाच्या निम्मा पगार. युनियनच्या कार्यकर्त्यांनी फरकाच्या रकमेसाठी कामगार न्यायालयात अर्ज केला. सहा वर्षे तारखा झाल्या. शेवटी निकाल लागला, ठेकेदाराने १ लाख ८६ हजार रुपये द्यावेत. त्या दिवशी ताईंनी वस्तीत पेढे वाटले. त्या पेढ्यांचे पैसे तेवढे खर्च झाले, आलेला पैसा मात्र एकही नाही.

ठेकेदाराच्या पत्त्यावर बेलीफ गेला. तिथे एक कुलूप आणि शेजारी पानाची टपरी. ऑफिस भाड्याचे होते, ते सोडले. कचऱ्याच्या गाड्या बँकेच्या कर्जाच्या. राहता बंगला पत्नीच्या नावावर. नवे टेंडर मेहुण्याच्या फर्मच्या नावाने भरलेले. कागदावर या गृहस्थाकडे काहीच नाही. असा हा निष्कांचन माणूस गणपतीत चौकाचौकांत स्वतःच्या फोटोचे फ्लेक्स लावतो! बेलीफाने शेरा मारला, ‘जप्तीयोग्य मालमत्ता आढळली नाही.’ बहुतेक दरखास्ती इथेच मरतात. वकीलही सांगतो, ताई, त्याच्याकडे काही नाही, आता काय करणार?

इथे प्रश्नच चुकीचा विचारला जातो. ठेकेदाराकडे काय आहे, हे विचारून उपयोग नाही. ठेकेदाराला कुणाकडून पैसे यायचे आहेत, हे विचारले पाहिजे. झाडू मारून घेतलेल्या त्याच रस्त्यांची त्याची तीन महिन्यांची बिले महापालिकेत पडून होती. टेंडर घेताना भरलेली सुरक्षा अनामतही तिथेच होती. म्हणजे पैसा होता. तो ठेकेदाराच्या खिशात नव्हता, महापालिकेच्या तिजोरीत होता.

दिवाणी प्रक्रिया संहितेत यासाठी मार्ग आहे. १९०८ च्या या संहितेचा आदेश २१ हा सगळा अंमलबजावणीचा. त्यातला नियम ४६ सांगतो की, ऋणकोला तिसऱ्याकडून येणे असलेली रक्कम जप्त करता येते. न्यायालय त्या तिसऱ्याला प्रतिबंधक हुकूम काढते, हे पैसे याला देऊ नकोस. पण पैसे थांबवणे वेगळे आणि पैसे मिळणे वेगळे. नुसत्या नियम ४६ ने ठेकेदाराचा हात बांधला जातो, ताईंचा हात रिकामाच राहतो. ही उणीव १९७६ च्या दुरुस्तीने भरून काढली. १ फेब्रुवारी १९७७ पासून नियम ४६ क आणि त्यापुढचे नियम आले. यात त्या तिसऱ्याला, म्हणजे ऋणकोच्या ऋणकोला, ‘गार्निशी’ म्हणतात. हुकूमनामाधारकाने प्रतिज्ञापत्रासह अर्ज करायचा की, अमुक संस्था माझ्या ऋणकोला देणे लागते. न्यायालय त्या संस्थेला नोटीस काढते. पैसे न्यायालयात भरा, नाहीतर येऊन का भरणार नाही ते सांगा. तिने पैसे भरले तर तिची ठेकेदाराविषयीची देणेदारी तेवढ्यापुरती फिटली, तिला दोनदा द्यावे लागत नाही. ती आलीच नाही आणि भरलेही नाहीत, तर तिच्याविरुद्ध हुकूम होतो आणि तो तिच्यावर हुकूमनामा असल्याप्रमाणे वसूल करता येतो.

कामगार न्यायालयाच्या निकालाला हा मार्ग लागू होतो का, अशी शंका काही वकील काढतात. औद्योगिक विवाद कायद्यात २०१० साली दुरुस्ती झाली, तिने हे स्पष्ट केले आहे. कामगार न्यायालयाचा निवाडा वा आदेश दिवाणी न्यायालयाकडे पाठवायचा आणि त्या न्यायालयाने तो स्वतःच्या हुकूमनाम्याप्रमाणे आदेश २१ नुसार अमलात आणायचा. तो कायदा नोव्हेंबर २०२५ मध्ये जाऊन त्याजागी औद्योगिक संबंध संहिता आली. ताईंचा निवाडा त्याआधीचा. त्यांच्या नव्या वकिलाने, एका तरुण मुलीने, हाच मार्ग धरला. महापालिकेला नोटीस गेली.

महापालिकेचे उत्तर वाचण्यासारखे आहे. एक, सदर ठेकेदाराची बिले तपासणीत आहेत, त्यामुळे आज रोजी कोणतीही रक्कम देय नाही. दोन, कामातल्या त्रुटींबद्दल दंड वसूल व्हायचा आहे, तो वजा केल्याशिवाय रक्कम निश्चित होत नाही. तीन, अनामत ही कराराच्या अटींना बांधलेली आहे. चार, आणि हे सर्वांत महत्त्वाचे, अर्जदार व ठेकेदार यांच्यातील वादाशी महापालिकेचा संबंध नाही, महापालिका ही तिऱ्हाईत आहे.

पहिल्या तीन मुद्द्यांत कायद्याचा थोडा आधार आहे, तो प्रामाणिकपणे सांगितला पाहिजे. गार्निशीकडून जे घ्यायचे ते ‘ऋण’ असावे लागते. देण्याचे बंधन आज जन्माला आलेले असेल आणि पैसे पुढच्या महिन्यात द्यायचे असतील, तरी ते ऋण होते. पण एखादी गोष्ट घडली तरच द्यायचे, नाहीतर नाही, असे असेल तर ते अजून ऋण झालेले नाही. अनामत याच कात्रीत सापडते. बँकेचेही तसेच. ठेकेदाराच्या चालू खात्यातली शिल्लक आणि मुदत ठेव जप्त होऊ शकते. कॅश क्रेडिटची न वापरलेली मर्यादा म्हणजे बँकेने देऊ केलेले कर्ज, ते ठेकेदाराचे येणे नव्हे, असे अनेक उच्च न्यायालयांनी म्हटले आहे. ठेकेदारांना हे चांगले ठाऊक असते. म्हणून ते चालू खाते कोरडे ठेवतात आणि सगळा व्यवहार कॅश क्रेडिटवर चालवतात.

आणि गार्निशीने देणे नाकारले की, त्यावर दाव्यातल्या मुद्द्याप्रमाणे चौकशी होऊ शकते. पुरावा, उलटतपासणी, युक्तिवाद. त्यावरच्या हुकुमाला अपीलही होते, हुकूमनाम्यावर होते तसेच. म्हणजे सहा वर्षांच्या दाव्याच्या पोटात दुसरा दावा. ताईंना पहिल्या दाव्यात ठेकेदाराशी लढावे लागले. दुसऱ्यात महापालिकेशी लढायचे आहे, आणि महापालिकेच्या वकिलाची फी ज्या तिजोरीतून जाते, तिच्यात ताईंचा पाणीपट्टीचा पैसाही आहे.

आता चौथा मुद्दा, तिऱ्हाईतपणाचा. रस्ता कुणाचा? महापालिकेचा. सफाई हे कर्तव्य कुणाचे? कायद्याने महापालिकेचे. मग ताई कुणाचे काम करत होत्या? १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याने सांगितले होते की, ठेकेदाराने वेतन दिले नाही किंवा कमी दिले, तर मुख्य मालकाने ते द्यावे आणि नंतर ठेकेदाराकडून वसूल करावे. नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या श्रम संहितांमध्येही ही जबाबदारी कायम आहे. सर्वोच्च न्यायालयाने तर १९८२ मध्येच, आशियाई खेळांच्या बांधकामावरील मजुरांच्या प्रकरणात, किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर काम करून घेणे ही संविधानाच्या कलम २३ मधली वेठबिगारी होय, असे सांगितले. ठेकेदाराकडे बोट दाखवून सरकारला सुटता येणार नाही, हेही त्याच निकालात आहे. २०१७ मध्ये मुंबई महापालिकेच्या २७०० कंत्राटी सफाई कामगारांना कायम करण्याचा औद्योगिक न्यायाधिकरणाचा निवाडा सर्वोच्च न्यायालयाने उचलून धरला. तिथेही ठेकेदार मध्ये उभा होता. म्हणजे ज्याला प्रक्रिया संहिता तिसरा पक्ष म्हणते, तो कामगार कायद्याच्या नजरेत पहिला पक्ष आहे. ज्याने स्वतः पगार द्यायला हवा होता, तोच आज ‘मी फक्त गार्निशी, माझ्याकडे काही देय नाही’ म्हणून साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहतो. पिढ्यान् पिढ्या ज्यांच्याकडून गाव झाडून घेतले, त्यांच्या पोटाशी मात्र गावाचा संबंध नाही, ही जुनीच रीत आहे. पूर्वी ती बलुत्याच्या नावाने चालत होती, आता वर्क ऑर्डरच्या नावाने चालते.

कायदा करणाऱ्यांना तिसऱ्याकडून वसुली सोपी करता येत नाही, असे समजू नका. सरकारचा स्वतःचा पैसा असला की ती किती सोपी होते ते पाहा. २०१७ च्या वस्तू व सेवा कर कायद्याचे कलम ७९. याच ठेकेदाराने कर बुडवला तर कर अधिकारी महापालिकेला एक लेखी नोटीस पाठवतो. अर्ज नाही, प्रतिज्ञापत्र नाही, न्यायालय नाही. आणि त्या कलमाचे शब्द नीट पाहा. ज्याच्याकडून रक्कम ‘येणे आहे किंवा येणे होईल’ अशा कोणाकडूनही. बिल तपासणीत आहे, ही सबब तिथे चालत नाही. नोटीस पाळली नाही तर पैसे अडवणाराच थकबाकीदार ठरतो. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यातही कलम २२६(३) मध्ये हीच ताकद दिलेली होती.

याहून बोचणारे उदाहरण भविष्य निर्वाह निधीचे आहे. १९८८ च्या दुरुस्तीने निधीच्या वसुली अधिकाऱ्याला अगदी असाच अधिकार मिळाला. मालकाला ज्याच्याकडून पैसे येणे आहेत वा होतील, त्याला पत्र पाठवून ते वळते करून घ्यायचे. नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती वाट आहे. म्हणजे तोच ठेकेदार, तीच महापालिका, त्याच ताई. त्यांच्या पगारातला निधीचा हिस्सा एका पत्राने वसूल होऊ शकतो. त्याच पगाराचा उरलेला भाग, ज्यावर चूल पेटायची असते, त्यासाठी दरखास्त, प्रतिज्ञापत्र, चौकशी आणि अपील! या फरकाला काय कारण आहे? संसदेत कुणी हा प्रश्न आजवर गांभीर्याने विचारलेला नाही. राखीव जागांवरून निवडून गेलेल्या आपल्या खासदारांकडून ही अपेक्षा करायची की नाही, ते वाचकांनीच ठरवावे.

वसुलीचे ओझे उलट फिरवता येते, हे उच्च न्यायालयाने एका प्रकरणात दाखवून दिले आहे. डिसेंबर २०१९ मध्ये मुंबईत गोवंडीला एका सोसायटीच्या मैल्याच्या टाकीत तीन कामगार गुदमरून मेले. त्यांच्या पत्नी मुंबई उच्च न्यायालयात गेल्या. सप्टेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने सांगितले की, प्रत्येकीला १० लाख रुपये भरपाई आधी राज्य सरकारने द्यावी आणि मग जबाबदार असलेल्यांकडून ती सरकारने वसूल करावी. तीन विधवांनी कंत्राटदाराचे घर, खाते, बिले शोधत फिरायचे नाही. ते काम ज्याच्याकडे तहसीलदार आहे, पोलीस आहेत, त्याने करायचे. अशा मृत्यूंच्या भरपाईची रक्कम सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये ३० लाखांवर नेली. रक्कम वाढली हे चांगलेच. पण ‘आधी द्या, मग वसूल करा’ हे तत्त्व रकमेपेक्षा मोठे आहे, आणि ते मेलेल्या कामगारापुरतेच का? जिवंत कामगाराच्या पगाराला ते लागू व्हायला माणूस टाकीत उतरून मरायला हवा काय?

बाबासाहेबांनी ९ डिसेंबर १९४८ रोजी संविधान सभेत आजच्या कलम ३२ ला संविधानाचा आत्मा आणि हृदय म्हटले. ते कलम कोणता नवा हक्क देत नाही. ते असलेल्या हक्कासाठी दाद मागण्याची वाट देते. वकिली केलेल्या माणसाला हक्क आणि वसुली यांतले अंतर पुरते ठाऊक होते.

या यंत्राची दुसरी बाजूही आपल्या लोकांनी माहीत करून घेतली पाहिजे, कारण आपण नेहमीच हुकूमनामाधारक नसतो. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यात सुपे येथे शेतकरी उठले आणि त्यांनी सावकारांचे रोखे, हुकूमनामे जाळले. तेव्हा न्यायालयाची अंमलबजावणी मंद नव्हती, सावकारासाठी ती चांगली वेगवान होती. त्यानंतर १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला आणि पैशाच्या हुकूमनाम्यापोटी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणे थांबले. आजच्या संहितेतले कलम ६० त्याच अनुभवाच्या कुळातले. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारे जप्त होत नाहीत. मजूर आणि घरकामगारांची मजुरी जप्त होत नाही. पगारदाराच्या बाबतीत पहिले १००० रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सुरक्षित असतात. पगार ३१ हजार असेल तर २१ हजाराला हात लागत नाही, जप्ती होते ती १० हजारांची. तीही सलग वा तुटक मिळून २४ महिने झाली की, त्यापुढचे १२ महिने थांबते. ही १००० ची मर्यादा २००२ पासूनची आहे. तेव्हा हजार रुपयांत महिन्याचे धान्य भरता येत होते, आज एक गॅस सिलिंडर येतो.

निवृत्तांनी आणखी एक लक्षात ठेवावे. पेन्शन आणि उपदानाचे पैसे बँकेत मुदत ठेवीत ठेवले म्हणून त्यांचे संरक्षण जात नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये सांगितले आहे. तरीही जामीनकीच्या प्रकरणात खाते गोठले की, आपला माणूस बँकेच्या काउंटरवर हात जोडून उभा राहतो. हात जोडायचे कारण नाही. न्यायालयात अर्ज द्यायचा. मात्र हे संरक्षण पत्नीच्या पोटगीच्या आड येऊ नये, याचीही काळजी कायद्याने घेतली आहे. पोटगीच्या हुकूमनाम्यात पगाराचा फक्त एक तृतीयांश भाग सुरक्षित असतो, दोन तृतीयांश जप्त होऊ शकतो, आणि तो थेट नवऱ्याच्या कार्यालयातून कापून येतो. आपल्या वस्त्यांत पोटगीचा कागद पेटीत ठेवून धुणीभांडी करणाऱ्या किती बहिणी आहेत! नवरा कुठे नोकरी करतो एवढे ठाऊक असले तरी त्यांचे अर्धे काम झालेले असते.

कामगारांच्या बाबतीत हेच ‘कुठे’ शोधणे अवघड, आणि इथे चळवळीच्या कार्यकर्त्याला काम आहे. २००५ चा माहिती अधिकार कायदा वापरून महापालिकेला विचारता येते की, अमुक ठेकेदाराची कोणती बिले सादर झाली, कोणत्या तारखेला, किती रकमेची, कोणत्या टेबलावर आहेत, अनामत किती, दंड किती लावला. हा सार्वजनिक पैसा आहे, त्याचा हिशेब गुप्त नाही. नोव्हेंबर २०२५ पासून कलम ८(१)(ञ) बदलले, त्यामुळे ‘वैयक्तिक माहिती’ म्हणून नकार देणे अधिकाऱ्यांना सोपे झाले आहे. पण व्यापक जनहितासाठी माहिती देण्याचे कलम ८(२) अजून शिल्लक आहे, ते अर्जातच लिहावे. उत्तरात बिलाचा क्रमांक आणि तारीख मिळाली की, गार्निशीच्या अर्जाचे प्रतिज्ञापत्र मजबूत होते. मग ‘आज रोजी कोणतीही रक्कम देय नाही’ असे शपथेवर सांगणे महापालिकेच्या अधिकाऱ्याला जड जाते. ठेक्याची मुदत संपून शेवटचे बिल निघायच्या आत हे सगळे व्हायला हवे. बिल निघाले की गार्निशी उरत नाही, उरतो तो पुन्हा कुलूपवाला पत्ता. याशिवाय ऋणकोला स्वतःच्या मालमत्तेचे प्रतिज्ञापत्र द्यायला लावण्याची सोय आदेश २१ च्या नियम ४१ मध्ये आहे. ते दिले नाही तर तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैद होऊ शकते. ठेकेदार बेलीफाला भीत नाही, या नियमाला मात्र थोडा भितो.

कोर्टाची पायरी शहाण्याने चढू नये, असे आपल्याकडे म्हणतात. ज्यांचे काम पाटलाच्या ओसरीवर किंवा मंत्र्याच्या बंगल्यावर होत होते, त्यांनी ती म्हण केली असावी. आपल्याला तीच एक पायरी होती. म्हणून ताईंनी दरखास्त सोडलेली नाही. माहिती अधिकारात ठेकेदाराच्या दोन बिलांचे क्रमांक मिळाले आहेत, त्यातले एक लेखा विभागाने मंजूर केलेले निघाले. त्या मंजुरीची तारीख महापालिकेने न्यायालयाला दिलेल्या उत्तराच्या अकरा दिवस आधीची आहे. पुढच्या तारखेला लेखा अधिकाऱ्याला साक्षीला बोलावण्याचा अर्ज आहे. ताईंना त्या दिवसाची मजुरी बुडवून यावे लागेल.